भरलेल्या खोलीची शांतता

१

आमच्या कामाची सुरुवात गप्प बसण्याने होते. हे सांगितलं की ओळखीचे लोक पोट धरून हसतात. मी आणि गप्प, हे त्यांच्या पचनी पडत नाही. मी मासे पकडायला गेलो होतो असं म्हटलं, तर ऐकणारा आधी विचारतो, "तिथे पाणी तरी होतं का हो?" इतकी माझी ख्याती.

पण काम ते काम. अंध वाचकांच्या वाचनालयासाठी मी पुस्तकं मोठ्याने वाचतो, ती ध्वनिमुद्रित होतात आणि ज्यांना अक्षर दिसत नाही ती माणसं घरबसल्या ऐकतात. प्रवासवर्णनं वाचली, चरित्रं वाचली. एकदा मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक इतकं रंगवून वाचलं की एका आजोबांनी म्हणे गॅलरीत पोळं लावून द्या म्हणून जेवण सोडलं. यातले आजोबा खरे आहेत. जेवणाचं मी जोडलं.

आमची खोली तळघरात आहे. भिंतींवर जाड गोधड्या टांगलेल्या, दाराच्या चारही कडांना लोकरीच्या पट्ट्या. ट्यूब गुणगुणते म्हणून ती बंद ठेवायची, पंखा तर विचारूच नका. एक पिवळा दिवा, एक टेबल, माईक, आणि डावा हात कुरकुरतो म्हणून त्याला फडकं गुंडाळलेली खुर्ची. समोर काच. काचेपलीकडे यंत्रांपुढे बसतात त्या बाईंना सगळे कानसेन म्हणतात. गाण्याचा एक सूर त्यांना लागत नाही, पण मला भूक लागल्याचं माझ्या पोटाआधी त्यांना कळतं. माझ्याशी बोलायचं झालं की त्या एक बटण दाबतात. माझ्या टेबलावर इवलासा लाल दिवा लागतो आणि त्यांचा आवाज माझ्या हेडफोनात येतो. दिवा नाही, तर आवाज नाही.

रोज वाचन सुरू करण्याआधी त्या बोट वर करतात. मग मी हलायचं नाही, गिळायचं नाही, शक्यतो विचारही हळू करायचा. रिकाम्या खोलीत काहीही होत नसताना जे ऐकू येतं, ते त्या टिपून ठेवतात. ही त्या दिवसाची शांतता. पुढे मी खोकलो, अडखळलो, तर तो तुकडा कापून त्या जागी ही शांतता भरायची. नुसतं कोरं ठेवलं तर ऐकणाऱ्याला अंधारात पायरी चुकल्यासारखं होतं.

"आणि कालची शांतता आजला जोडायची नाही," कानसेनबाई बजावतात. "ठिगळ दिसतं."

"शांततेला शिळं-ताजं असतं होय?"

"तुम्हाला नाही कळायचं, थापाडे. तुम्ही कधी ऐकलीय का ती?"

तेव्हा ऐकली नव्हती.

२

माझी ताई माझ्यापेक्षा इतकी मोठी आहे की शाळेत सगळे तिला माझी आईच समजत. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे ते काही फारसं चुकीचं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये ती लहान मुलांना पवित्र शास्त्र शिकवायची. बागेतल्या सापापासून ते रिकाम्या कबरेपर्यंत सगळं. फक्त शेवटचं, जगाच्या अंताचं पुस्तक सोडून. ते आलं की ती पुस्तक मिटायची आणि म्हणायची, "हे तुम्ही मोठे झालात की वाचा." आम्ही मोठे झालो. तिने ते काही वाचलं नाही. मग हळूहळू तिचे डोळे गेले आणि वाचायचा प्रश्नच मिटला. चष्मा गेला, पण चष्म्याचं घर मात्र तिने सोडलं नाही. प्रार्थना करताना ती ते हातात धरून उघडते, मिटते. टक्. टक्. लहानपणी मी त्या आवाजावर झोपायचो.

यंदा तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटेना. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया याच महिन्यात करायला हवी, उशीर केला तर मग करण्यासारखं काही उरणार नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि संमतीची सही करायला नकार दिला.

"आधी शेवटचं पुस्तक समजून घेईन. मग सही."

"आजी," डॉक्टर म्हणाले, "पुस्तक नंतर वाचता येईल."

"आणि नंतर नसलंच तर? जन्मभर पोरांना सांगत आले, शेवट गोड आहे, शेवट गोड आहे. मी तो पाहिलाय कुठे?"

पाळकांना गाठलं, तर तेही कान खाजवत म्हणाले, "खरं सांगू? त्या पुस्तकावर प्रवचन द्यायची वेळ आली की मला दरवर्षी सर्दी होते."

मग उरलो मी. मी छातीवर हात मारून सांगितलं, "वाचतो मी आणि समजावतोही. हसत हसत जाशील टेबलावर." बढाई नव्हती ती. मी तयारी करतो. चार जाणत्यांची पुस्तकं चाळली, आणि दुपारी ताईच्या खोलीत पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलो.

"हे बघ, घाबरण्यासारखं काही नाही यात," मी सुरुवात केली. "एक म्हातारा बेटावर कैदेत आहे. त्याची माणसं तिकडे छळ सोसतायत. त्यांना धीर द्यायचाय, पण पत्र पहारेकरी वाचणार. मग राजाला राजा कसं म्हणणार? त्याने सात डोक्यांचा पशू म्हटलं. जुन्या संदेष्ट्यांची चित्रं त्याच्या माणसांना पाठ होती, त्यांना बरोबर कळलं. तेव्हा हे काही वेळापत्रक नाही, की अमुक साली गारा, तमुक साली टोळ. दम धरा, शेवटी कोकरू, म्हणजे आपला प्रभूच जिंकतो, एवढाच निरोप आहे."

"गोड बोलतोस," ताई म्हणाली.

"आणि एका ठिकाणी तर गंमतच आहे. सात मेघगर्जना काहीतरी बोलतात. म्हातारा लिहायला घेतो, तर आकाशातून सांगणं येतं की लिहू नकोस, मोहोर लावून ठेव. मला विचारशील तर म्हातारा विसरला असणार. गोष्ट अडली की मीही हेच करतो. 'ते काही सांगता यायचं नाही बाबा,' म्हणायचं, की लोक अजून जवळ सरकतात."

ताई हसली. पण चष्म्याचं घर तिने घट्ट धरलं होतं.

"पशूला मी कधीच घाबरले नाही रे. गारांना नाही, आगीला नाही. लहानपणी बाबा एकदा वाचत होते. देवाच्या हातातल्या गुंडाळीवरचा एकेक शिक्का फुटतोय, घोडे धावतायत, मोजता येणार नाहीत इतकी माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी राहून गातायत. मग सातवा शिक्का फुटतो. आणि पुढे काय?"

"आकाशात सुमारे अर्धा तास शांतता."

"बाबांनी तिथे थांबून पुस्तक मिटलं आणि दिवा लावायला उठले. मी तिथेच बसलेय अजून." तिने मान माझ्याकडे वळवली. "एवढी माणसं एकदम गप्प का होतात, सांग बरं. मी वर्ग सांभाळलेत. भरलेला वर्ग आपोआप गप्प होत नाही. बाहेर पावलं वाजली, कुणीतरी येतंय असं कळलं, की होतो. तिथे कोण येत होतं?"

"ते नाटकातल्या विरामासारखं आहे, ताई. पुढचं ठसावं म्हणून लेखक—"

"सगळं समजावतोस तू," ताई म्हणाली, "पण मला समजत काही नाही."

शेवटी असं ठरलं की मी ते पुस्तक वाचनालयासाठी रीतसर मुद्रित करायचं आणि तिने ते एकटीने, हेडफोन लावून, हवं तितक्यांदा ऐकायचं. "माझ्यासमोर वाचताना तू माझं तोंड बघून आवाज बदलतोस," असं तिचं म्हणणं. "यंत्र कुणाचं तोंड बघत नाही. आणि पदरचं काही घालू नकोस."

३

पहिले दिवस झकास गेले. घोडे मी असे दौडवले की कानसेनबाईंनी यंत्रावरचा आवाज दोनदा कमी केला.

मग सातव्या शिक्क्याचा दिवस आला. भरदुपार, बाहेर कोरडं ऊन. बाईंनी बोट वर केलं. मी नेहमीसारखा डोळे मिटून बसलो. बोट खाली आलं नाही. मी एक डोळा उघडला. त्या काचेपलीकडे कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

लाल दिवा लागला. "दार नीट लागलंय का बघा."

दार लागलं होतं. पुन्हा बोट वर, पुन्हा तेच. त्यांनी बाहेर येऊन पट्ट्यांवरून हात फिरवला, गोधड्या उचलून मागे पाहिलं.

"काय झालं? उंदीर?"

"खोली मोठी झालीय."

मी आजूबाजूला पाहिलं. माझे पाय नेहमीसारखेच टेबलाखालच्या वायरीत अडकले होते. "भाडं वाढवतील," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "आणि रिकामी नाहीये. रिकाम्या खोलीची शांतता आणि भरलेल्या खोलीची शांतता यांत फरक असतो. माणसं हलली नाहीत, बोलली नाहीत, तरी त्यांच्या अंगात आवाज मुरतो. नाटकाचा पडदा उघडायच्या आधीचा क्षण आठवा. तशी आहे ही. खच्चून भरलेली."

आम्ही शहाणी माणसं. वर जाऊन पाहिलं. वरच्या मजल्यावर कापडाचं गोदाम आहे. तिथे ठाणांच्या भिंती आणि राखणदार, तोही ठाणांवर मान टाकून झोपलेला. त्याच्यावर नुसती नजर टाकून कानसेनबाई म्हणाल्या, "हा घोरतोय. तिथे कुणी घोरत नाहीये." जिना रिकामा, शेजारचं दुकान बंद. पाण्याचा पंप बंद. तरी मी एकेक कारण पुढे करतच होतो. कापडात आवाज मुरतो, ठाणं नवी आली असतील, छताला फट असेल. माझं मलाच पटत होतं, इतकं छान सांगत होतो.

"असेल," बाई म्हणाल्या. "वाचा तुम्ही."

मी वाचलं. चुकलो नाही, अडखळलो नाही. शांततेचं वाक्य संपल्यावर थोडं थांबलो, हे खरं. तेवढ्यात माझ्या घशात काहीतरी आलं आणि मी खाकरलो. पद्धतीप्रमाणे बाईंनी ती खाकर कापली आणि त्या भोकात त्या दिवसाची शांतता भरली.

४

काम संपल्यावर मी त्यांच्या बाजूला गेलो आणि म्हटलं, "ऐकवा की तुमचा भरलेला हॉल."

हेडफोन कानाला लावले. काही नाही. मी तोंड वाकडं करून खांदे उडवले. त्यांनी नुसतं 'थांबा' असा हात केला.

विहिरीत वाकून पाहिलंय कधी? आधी अंधार दिसतो, मग तो किती खोल आहे ते दिसायला लागतं. तसं झालं. त्या काहीच-नाहीला लांबी होती, रुंदी होती. आणि त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीतरी श्वास धरून होतं. एकजण नव्हे. चुकून कुणाचा कपडा सळसळावा आणि शेजारच्याने त्याला डोळ्यांनीच दटावावं, अशी ती शांतता. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत, हेही मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका, माझे डोळे मिटलेले होते.

आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या तळाशी, फार लांब, मुंगीएवढा आवाज.

टक्.

मग जरा वेळाने, टक्.

"नळाच्या पाइपातलं पाणी असेल," मी हेडफोन काढत म्हणालो.

"असेल. पण तुमचा चेहरा का असा झालाय?"

"मला पाइपांची भीती वाटते."

ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या खोलीत होती. दुपारी त्याच सुमाराला ती प्रार्थना करते. मी स्वतःला म्हटलं, अरे, जगात लाखो चष्म्यांची घरं आहेत, कोट्यवधी कड्या-कोयंडे आहेत. टक् हा आवाज काय तिच्या एकटीच्या मालकीचा आहे? बरोबर आहे की नाही? पण ज्या आवाजावर माणूस लहानपणी झोपलेला असतो, तो त्याला कुठेही ऐकू आला तरी कळतो.

आणि मग तिचे शब्द आठवले. भरलेला वर्ग गप्प होतो तो बाहेर पावलं वाजली की. कुणीतरी येतंय म्हणून. इतका वेळ मी 'तिथे कोण येत होतं' यावर विनोद शोधत होतो. आता उत्तर समोर उभं होतं आणि त्याच्या हातात चष्म्याचं घर होतं. ते सगळे तिच्याच वाटेकडे तोंड करून उभे होते.

"बाई," मी म्हणालो, "ही शांतता काढा. कालची भरा."

"ठिगळ दिसेल."

"दिसू दे."

"तुम्ही पदरचं घालता ते मी कापते," त्या सावकाश म्हणाल्या. "असलेलं काढा म्हणून कधी सांगितलं नव्हतंत."

पण काढली त्यांनी. पुसली मात्र नाही. वेगळी ठेवली. ऐकणाऱ्या माणसांना काहीच टाकवत नाही.

५

ताईला मी यंत्र नेऊन दिलं, मोठ्या बटणांचं, तोवरचं वाचन भरून, आणि रुबाबात म्हटलं, "ऐक. पदरचा एक शब्द नाही."

दुसऱ्या दुपारी गेलो, तर ती हेडफोन गळ्यात अडकवून बसली होती आणि तोंडावर वादळ.

"काय काढलंस?"

"कुठे काय?"

"सातव्या शिक्क्यानंतर. तिथे पाऊल टाकलं, तर फळी वेगळीच लागली पायाला. कुणीतरी खड्डा बुजवून वर चटई टाकलीय." चष्म्याचं घर तिने पलंगावर आपटलं. "जन्मभर भर घालणारा माणूस तू. दुधातसुद्धा पाणी नाही घालणार, गोष्ट घालशील. त्या पुस्तकाच्या शेवटी ताकीद आहे म्हणतात, वाचलीस ना? यात कुणी भर घालू नये आणि यातून कुणी काही काढू नये. तू भर घालशील अशी मला भीती होती. तू काढलंस. तेही नेमकं तेच, ज्याच्यासाठी मी सही अडवून बसलेय!"

"ताई, तिथे नुसती शांतता होती."

"मग काढलीस का?"

काय सांगणार? माझ्यासारख्याला उत्तर सुचलं नाही, यावरूनच तिला सगळं कळलं असणार. तिचा आवाज एकदम खाली आला. "ऐकलंस का तू तिथे काही?"

"नाही."

"लबाडा. माझ्यासाठी घाबरलास होय?"

मी यंत्राची वायर गुंडाळायला लागलो.

"डॉक्टरचा फोन आला होता. उद्या सही नाही केली तर ते माझी जागा दुसऱ्याला देणार. आता तूच ठरव. मला ते न ऐकवता सही करून घेता येईल, असं तुला वाटतं का?"

मी तिला ओळखतो. नव्हतं वाटत.

६

कानसेनबाईंनी काही न विचारता मूळची शांतता परत घातली. चार बोटांत मावेल एवढा तुकडा, काही क्षणांचा. मी स्वतः मोजून पाहिला होता, पाणी पिऊन होईपर्यंत संपतो.

ताई पलंगावर उशीला टेकून बसली. मी शेजारी माझ्या खुर्चीवर. खिडकी उघडी होती. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणून ओरडत होता. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. शेजारच्या घरात भांडी पडली. मनात म्हटलं, छान, असाच गोंधळ राहू दे.

ताईने हेडफोन लावले आणि बटण दाबलं. मला तिचा चेहरा तेवढा दिसत होता. घोडे गेले असतील, गाणारे आले असतील. मग तिच्या भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या.

वाचन संपल्याचा बारीक 'टुक्' आवाज झाला. यंत्र बंद पडलं. ताई ऐकतच होती.

"ताई, संपलं," असं मी म्हणालो. म्हणजे तोंड हलवलं. आवाज आला नाही.

फ्रिज थांबला होता. तो थांबतो अधूनमधून, त्यात काही विशेष नाही. खालची गाडीही थांबली असेल, भांडी उचलून झाली असतील. या सगळ्याला कारणं आहेत, आणि ती मी भराभर मांडत होतो. पण मनगटावरचं घड्याळ मी कानाला लावलं, तर काटा पुढे सरकत होता आणि टिकटिक नव्हती. माझा श्वास मला जाणवत होता, ऐकू येत नव्हता.

ताईचे ओठ हलत होते. हातात चष्म्याचं घर. टक्. तेवढा एकच आवाज त्या खोलीत होता. नव्हे, त्या खोलीत नव्हताच. इतक्या लांबून, इतका स्पष्ट, जणू मधलं सगळं अंतर बाजूला होऊन त्याला वाट देत होतं. टक्.

मला उठायचं होतं. तिला हलवायचं होतं, हेडफोन ओढून काढायचे होते. मी खुर्चीच्या हातावर जोर देऊन कोपर बाहेर काढायला गेलो आणि थांबलो.

डावीकडे भिंत आहे, उजवीकडे रिकामी जागा. मधे तिपाई, त्यावर पाण्याचा पेला. ते मला दिसत होतं. तरी मी कोपर हलवलं नाही, कारण जागा नव्हती. भरलेल्या नाट्यगृहात, मधल्या रांगेत बसल्यावर आपण दोन्हीकडच्या माणसांमधे कसे अंग चोरून बसतो, तसा मी बसलो होतो. उजव्या दंडाला कुणाच्या तरी दंडाची ऊब लागत होती. मी मान वळवली नाही. वळवली असती, तर आज तुम्हाला जास्त सांगू शकलो असतो. पेल्यातलं पाणी तेवढं मी पाहत राहिलो. त्याचा पृष्ठभाग एवढा निश्चल होता की तेही ऐकतंय असं वाटलं.

किती वेळ? खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायावरून उशीपर्यंत चढलं. म्हाताऱ्याने 'सुमारे' का लिहिलं असेल, ते मला कळलं. तिथे बसलेला माणूस घड्याळ बघत नाही.

मग "येऊ दे, येऊ दे, बास!" असं खालून कुणीतरी किंचाळलं आणि फ्रिज गुरगुरला. मी खुर्चीतून जवळजवळ खाली पडलो. उजवीकडे आधाराला काहीच नव्हतं.

ताईने हेडफोन काढले. गाल ओले होते, पण तोंड असं, जसं पोरांनी अवघड गणित सोडवल्यावर शाळेतल्या बाईंचं होतं.

"कागद आण. आणि बोट धरून जागा दाखव."

"समजलं?"

"पुढची ओळ तूच वाचलीस ना? गाढवासारखी वाचलीस. शांततेनंतर काय होतं?"

"देवदूत येतो. धूप जाळतो. त्या धुराबरोबर सगळ्यांच्या प्रार्थना वर जातात."

"मग? वर्ग आणखी एका कारणाने गप्प होतो, ते मी विसरलेच होते रे. मागच्या बाकावरचं एखादं लाजरं पोर तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगत असतं आणि गलक्यात ते ऐकू येत नाही. मग मी पट्टी आपटायची. 'सगळे गप्प! तिला बोलू द्या.'" ती स्वतःशीच हसली. "कुणी येत नव्हतं. ते ऐकत होते."

मी कागद तिच्या मांडीवर ठेवला, बोट जागेवर नेलं. तिने झोकात सही केली.

"काय बोललीस त्यांच्याशी?"

"तुला काय करायचंय? माझं होतं ते सांगून टाकलं." पेन परत देताना ती सहज म्हणाली, "तुझी चौकशी करत होते."

"कोण?"

"मी आंधळी बाई, मला काय दिसतंय? 'भाऊ कधी बोलणार' असं विचारत होते. मी म्हटलं, त्याचं तोंड कधी बंद असतं? तर म्हणाले, ते नव्हे."

७

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ताई आता हॉस्पिटलमधून घरी येऊन सगळ्यांना पळवते आहे, पाळकांना तिने त्या पुस्तकावर प्रवचन द्यायला लावलं आणि सर्दीचं निमित्त चालू दिलं नाही. माझा शब्द खरा झाला, हसत हसत गेली टेबलावर.

मी उरलेली प्रकरणं वाचायला परत तळघरात गेलो. कानसेनबाईंनी रोजच्यासारखी शांतता घेतली. साधी, रिकामी, गोधडीच्या वासाची. दुसऱ्या दिवशीही तशीच. मी पुन्हा विनोद करायला लागलो होतो.

मेघगर्जनांच्या प्रकरणाच्या दिवशी बाईंनी बोट वर केलं. मी डोळे मिटले. मग डाव्या दंडाला ऊब लागली. थोड्या वेळाने उजव्याही.

मी हललो नाही. एखादी झकास गोष्ट मनात शोधली, कारण अडचणीत मी तेच करतो. एकही जागेवर नव्हती. मासे नव्हते, मधमाश्या नव्हत्या. एवढी माणसं श्वास धरून बसलेली आणि माझ्याकडे त्यांना फसवायला काही नव्हतं.

हेडफोनात अगदी जवळून, अदबीने कुणीतरी म्हणालं, "बोला."

मी डोळे उघडले. कानसेनबाई काचेपलीकडे पाठ करून उभ्या होत्या, बाटलीतून पाणी पीत. लाल दिवा लागलेला नव्हता.

आणि मी बोललो.

नंतर बाईंनी विचारलं, मी वळले तेव्हा तुम्ही ओठ का हलवत होतात? यंत्रावर तर काहीच आलं नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं. खरंच नाही आलं. फक्त रिकाम्या खोलीची शांतता आहे, आणि तिथे एक बारीकसं ठिगळ दिसतं.

तुम्ही विचाराल, काय बोललास? गेल्या आठवड्यात ताईनेही विचारलं. आजवर मला कुणी काही विचारावं आणि मी तिखटमीठ लावून सांगू नये, असं झालेलं नाही. पण हे नाही सांगणार. त्या बेटावरच्या म्हाताऱ्याला सात मेघगर्जनांचं बोलणं लिहू नकोस असं सांगितलं होतं, आणि मला वाटायचं, तो विसरला असणार.

विसरला नव्हता तो.